मॅनेजरचा हात आणि पावशेराचा पाय

महागावच्या बाजारात ‘आपल्याला काही इंग्रजी येत नाही बुवा’ असं सांगणारा माणूसही दिवसभरात पंचवीस-तीस इंग्रजी शब्द सहज बोलून जातो. बँकेत मॅनेजर असतो, सोसायटीत क्रेडिट, रेशनच्या दुकानात डिजिटल मशीन, शाळेत प्यून, दवाखान्यात सर्जरी, सायकलला पेडल, आणि बोअर खणला तर तो दोनशे फूट. हे सात शब्द मी मुद्दाम निवडले आहेत. यातल्या प्रत्येकाच्या पोटात माणसाच्या शरीराचा एकेक अवयव दडलेला आहे. मॅनेजर आणि सर्जरीत हात आहे, डिजिटलमध्ये बोट, क्रेडिटमध्ये हृदय, आणि प्यून, पेडल, फूट या तिघांतही पाय.

मी या तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचं आमचं गाव, दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे नांदेड जिल्हा. वर्गात कापूस-सोयाबीनवाल्यांची लेकरं असतात, तांड्यांवरची असतात. घरी कुणी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतं, कुणी गोरमाटी, कुणी उर्दू. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही नववी-दहावीत पोचलेल्या मुलाला फळ्यावर ‘इमॅन्सिपेशन’ असा लांबलचक शब्द दिसला की तो मान खाली घालतो. आपण त्याला सांगतो, अर्थ पाठ कर, स्पेलिंग दहा वेळा लिही. माझं म्हणणं असं, की शब्द पाठ करायला लावण्याआधी तो उघडून दाखवावा. आणि उघडायला सर्वांत सोपे शब्द म्हणजे हे अवयवांचे, कारण त्यांचा अर्थ लेकरू अंगावर घेऊनच शाळेत आलेलं असतं.

हातापासून सुरुवात करू. लॅटिन भाषेत हाताला ‘मानुस’ म्हणत. हाताने करायचं काम ते मॅन्युअल. मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हाताने बनवणं. आज कारखान्यात हात न लागता बनलेल्या वस्तूवरही तोच शब्द छापलेला असतो. मॅनेज हा शब्द इटलीतून आला. तिथे ‘मानेज्जारे’ म्हणजे हाताळणं, विशेषतः घोडा हाताळणं, त्याला चालीवर आणणं. आधी तबेल्यातला आणि नंतर बँकेतला, असा मॅनेजरचा प्रवास आहे. निवडणुकीनंतर पेपरात येणारा मँडेट म्हणजे ‘हाती दिलेलं’: मतदारांनी सोपवलेलं काम. आणि तो भीतीदायक इमॅन्सिपेशन? रोमन कायद्यात एखादी मालमत्ता विकत घेताना ती हाताने धरून ‘ही माझी’ म्हणायची रीत होती. गुलामही त्याच रीतीने घेतले जात. घरातला मुलगासुद्धा बापाच्या ‘हाताखाली’ असे, अगदी कायद्याने. त्या हातातून सोडवणं म्हणजे इमॅन्सिपेशन. वर्गात मी एका मुलाला दुसऱ्याचं मनगट घट्ट धरायला सांगते आणि मग सोडायला सांगते. स्पेलिंग नंतर येतं, अर्थ तिथेच कळतो.

पण हाताच्या या कुळातला मला सर्वांत प्रिय शब्द आहे मॅन्युअर, म्हणजे खत. आमच्याकडे उन्हाळ्यात उकिरडे उपसले जातात, बंड्या भरून शेणखत वावरात जातं, ठिकठिकाणी त्याचे ढीग पडतात आणि मग ते पांगवतात. खताला इंग्रजीत हाताचं नाव का पडावं? जुन्या फ्रेंचमध्ये ‘हाताने काम करणं’ या अर्थाचं एक क्रियापद होतं. ते नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेलं आणि तिथे त्याचा अर्थ झाला जमीन कसणं. म्हणजे एके काळी ‘मी माझं शेत मॅन्युअर करतो’ याचा अर्थ ‘मी माझं शेत कसतो’ एवढाच होता. पुढे कसण्यातला एकच भाग, खत घालण्याचा, त्या शब्दाला चिकटून राहिला आणि सोळाव्या शतकापर्यंत ते खताचंच नाव झालं. त्याच फ्रेंच शब्दाचं दुसरं रूप इंग्रजीत नंतर आलं: मनूव्हर, म्हणजे फौजेच्या हालचाली, डावपेच. उकिरड्यावरचा शब्द आणि सेनापतीच्या नकाशावरचा शब्द सख्खे भाऊ आहेत. आईबापांबरोबर खत टाकून आलेल्या मुलाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सर्जरीतही हात आहे, पण तो ग्रीक. ‘खेर’ म्हणजे हात आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम. हाताने करायचा इलाज तो ‘खेरूर्गिया’. तोच शब्द लॅटिन-फ्रेंचमधून घासत घासत सर्जरी झाला. औषध पाजणारा वैद्य वेगळा आणि हाताने कापून-शिवून बरं करणारा वेगळा, असा तो भेद होता. आपण अजूनही चांगल्या डॉक्टरबद्दल ‘त्याला हातगुण आहे’ असं म्हणतो. आणि हे नुसतं कल्पनेचं साम्य नाही. ग्रीक ‘खेर’ आणि संस्कृत ‘हस्त’ एकाच मुळाचे मानले जातात. म्हणजे आपला ‘हात’ आणि त्यांची ‘सर्जरी’ नात्यातले आहेत.

इथे वर्गातून हमखास एक हात वर येतो. ‘मॅडम, मंग हात अन् हँड तं सख्खेच असतील!’ तर्क चांगला आहे, पण उत्तर नाही असं आहे. हँड हा जर्मन, डच, इंग्रजी या जर्मानिक घराण्यातला शब्द. ‘हस्त’शी त्याचा संबंध जोडता येत नाही. आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही, ही गोष्ट व्युत्पत्तीत फार कडकपणे पाळावी लागते. नाहीतर वाटेल त्या शब्दाचं मूळ वाटेल तिथे काढणाऱ्या कथा तयार होतात, आणि त्या लगेच पसरतात.

अशीच एक कथा हँडिकॅप या शब्दाची आहे. टोपी हातात घेऊन भीक मागावी लागते म्हणून अपंग माणसाला हँडिकॅप्ड म्हणू लागले, असं अनेक जण खात्रीने सांगतात. ते खोटं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांनी आपापली वस्तू पुढे करायची, तिसऱ्या पंचाने दोन्हींतला फरक किती पैशांचा ते ठरवायचं, आणि मग दोघांनी टोपीत हात घालून तो बाहेर काढायचा. हात कसा निघतो यावरून सौदा मान्य की अमान्य ते कळे. ‘हँड इन कॅप’ तो हाच. पुढे घोड्यांच्या शर्यतीत, तगड्या घोड्यावर जादा वजन लादून सगळ्यांना सारखी संधी देण्याच्या पद्धतीला ते नाव मिळालं. त्यातून ‘अडचण, ओझं’ हा अर्थ आला आणि फार उशिरा तो शब्द माणसांना लावला गेला. भिकेचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही खोटी कथा माणसांचा अपमान करते, म्हणून ती खोडून काढणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता पाय. शाळेतला प्यून म्हणजे शिपाई हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा शब्द पोर्तुगीज ‘पियाँव’वरून हिंदुस्थानातल्या इंग्रजीत आला, मूळ अर्थ पायी लढणारा सैनिक. लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाय, त्याचं हे कुळ. आपला ‘शिपाई’ शब्दही फौजेतलाच, तेव्हा भाषांतर फार नेमकं झालं म्हणायचं. याच कुळातला बुद्धिबळातला पॉन: पटावरचं पायदळ. आपण त्याला प्यादं म्हणतो. तो फारसीतला ‘पियादा’, म्हणजे पायी चालणारा, आणि फारसीतला पायही त्याच आदिम पायाचा वंशज. पायोनियर हा शब्दही पायदळाचाच. मुख्य फौजेच्या पुढे जाऊन रस्ता खणणारे, झाडं तोडणारे ते पायोनियर. आज आपण त्यांना अग्रणी म्हणतो. प्यून, पॉन, पायोनियर, प्यादं, पायदळ असे पाच शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले, की मुलं स्वतःहून पाय शोधायला लागतात. कुणाला पेडल सापडतो, कुणाला पायजमा. पायजमा हा तर आपल्याकडून इंग्रजीत गेलेला: फारसीत ‘पाय’ आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. इथल्या इंग्रजांनी तो झोपताना घालायला उचलला आणि सोबत शब्दही घरी नेला.

पेडिग्री म्हणजे वंशावळ. त्यातला पाय माणसाचा नाही, पक्ष्याचा आहे. जुन्या फ्रेंच वंशावळीत बापाच्या नावाखालून मुलांच्या नावांकडे जाणाऱ्या तीन रेघा काढत. त्या चिखलात उमटलेल्या क्रौंच पक्ष्याच्या पावलासारख्या दिसत. ‘पिए द ग्रू’, क्रौंचाचा पाय. त्याची झाली पेडिग्री.

आणि मराठीतला पाय? तो किराणा दुकानात आहे. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतकोर. त्याचाच ‘पाव’ झाला: पाव किलो, पावशेर. ‘सपाद’ म्हणजे पावासकट, तो सव्वा. ‘पादोन’ म्हणजे पाव कमी, तो पाऊण. सव्वाशे रुपये म्हणताना आपण दर वेळी एक पाय मोजत असतो. चहात बुडवायचा पाव मात्र यात धरायचा नाही. तो पोर्तुगीजांच्या भट्टीतून आलेला वेगळा.

पाद आणि फूट यांत ‘प’चा ‘फ’ झालेला दिसतो, आणि ते अपघाताने झालेलं नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच लुप्त मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. पुढे डेन्मार्कचे रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवून दिलं, की जर्मानिक भाषांत जुने ध्वनी नियमाने बदलले आहेत. ‘प’चा ‘फ’: पाद–फूट, पितृ–फादर, पंच–फाइव्ह. ‘द’चा ‘ट’: दंत–टूथ, दश–टेन, द्वि–टू. आपल्याकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानांतून संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांची अशीच शिस्तशीर मांडणी केली. ग्रिमचं नाव मुलांना सांगितलं नाही तरी चालेल. पण भुवई–ब्राउ, नख–नेल, नाभी–नेव्हल, दात–टूथ अशा जोड्या लावायला दिल्या, तर सातवीतली मुलंही त्या आनंदाने लावतात.

जिथे शब्दांचं नातं नाही तिथेही माणसाची नजर सारखी पडलेली दिसते, आणि मला तर ते नात्याहून मोठं वाटतं. इंग्रजीत डोळ्याच्या काळ्या गोलाला प्युपिल म्हणतात आणि विद्यार्थ्यालाही प्युपिल म्हणतात. मुलं विचारतात, दोन अर्थ कसे? लॅटिनमध्ये ‘पुपिला’ म्हणजे लहानशी मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून रोमन लोकांनी त्या काळ्या गोलाला बाहुली म्हटलं. आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुलीच! संस्कृतातल्या ‘कनीनिका’चाही अर्थ लहान मुलगी. आणि विद्यार्थ्यासाठीचा प्युपिल त्याच घरातला: आईबाप नसलेलं, दुसऱ्याने सांभाळायला घेतलेलं लहान मूल. पुढे शिक्षकाच्या हाती सोपवलेलं ते प्युपिल. मी दोन-दोन मुलांना समोरासमोर बसवून एकमेकांच्या डोळ्यात बघायला सांगते. आधी हशा पिकतो, मग कुणीतरी ओरडतं, ‘दिसली, मॅडम, मी दिसली!’ तो शब्द त्या वर्गातलं कुणी विसरत नाही.

मसलचंही तसंच. लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. हात वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दंड हलतो, म्हणून स्नायूला उंदराचं नाव. आमची पोरं दंड फुगवून म्हणतात, बेडकुळी बघा. रोमन लोकांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

खिडकीसाठी इंग्रजी शब्द विंडो. हा उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचा, ‘विंड’ आणि ‘आउगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा. घराच्या भिंतीला वारा आत यायला ठेवलेलं भोक. आपल्याकडचा जुना शब्द गवाक्ष, गो-अक्ष, म्हणजे गाईचा डोळा. दोघांनीही भिंतीतल्या भोकाला डोळाच म्हटलं, मग ते घर पैनगंगेकाठी असो की बर्फात.

जनावराचा विषय निघालाच आहे तर डोक्याकडे वळते. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं. मुख्य शहर ते कॅपिटल, मुख्य रक्कम तेही कॅपिटल, संघाचा म्होरक्या कॅप्टन. पर कॅपिटा म्हणजे दर डोक्यामागे, आणि मराठीत दरडोई. इथे भाषांतर अक्षरशः डोक्याला डोकं लावून झालं आहे. पण कॅटल, म्हणजे गुरंढोरं, हाही शब्द कॅपिटलच आहे हे सांगितलं की शेतकऱ्याच्या घरातली मुलं कान टवकारतात. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत कॅपिटलचं ‘काटेल’ झालं आणि त्याचा अर्थ होता मालमत्ता. इंग्लंडातल्या खेड्यात हलवता येईल अशी सर्वांत मोठी मालमत्ता कोणती? गुरं. म्हणून शब्द गुरांवर येऊन थांबला. पोळ्याला बैलजोडीपुढे हात जोडणाऱ्या आमच्या भागात हे वेगळं समजवावं लागत नाही. आपणही पशुधन म्हणतोच.

त्याच गुरांच्या कानातून आणखी एक शब्द आला आहे. बजेटच्या बातम्यांत ‘अमुक कोटी इअरमार्क केले’ असं वाचायला मिळतं. इंग्लंडात मेंढ्या-गुरांच्या कानाला खूण कापत, म्हणजे कळपात कुणाचं जनावर कोणतं ते ओळखू येई. तो इअरमार्क. आज आपल्या गाई-बैलांच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतो. निधी राखून ठेवणं म्हणजे पैशाच्या कानाला बिल्ला मारणं.

क्रेडिटपाशी मी थोडी जास्त थांबते. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे घरोघरी एकच विषय असतो, पीककर्ज. क्रेडिट हा लॅटिन ‘क्रेदो’वरून आला: मी विश्वास ठेवतो. आणि क्रेदोचा संस्कृतातला जुळा शब्द आहे श्रद्धा. श्रत् अधिक धा. यातलं ‘श्रत्’ हे हृदयाचंच फार जुनं रूप, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे श्रद्धा आणि क्रेडिट दोन्हींचा मूळ अर्थ ‘हृदय ठेवणं’. कर्ज देणारा घेणाऱ्यावर हृदय ठेवतो, पाऊस येईल यावर घेणारा ठेवतो. आज क्रेडिट म्हटलं की कागद, सातबारा, जामीन आणि रांग डोळ्यापुढे येते, पण शब्दाच्या आत अजून तो विश्वास शाबूत आहे. रेकॉर्डमध्येही हृदय आहे: लॅटिन ‘कोर’. पुन्हा हृदयाशी आणणं, म्हणजे आठवणं, ते रेकॉर्ड. इंग्रज पाठांतराला ‘बाय हार्ट’ म्हणतात. आपण तोंडपाठ म्हणतो.

आणि डिजिटल. लॅटिन ‘दिगितुस’ म्हणजे बोट. बोटांवर मोजत म्हणून आकड्याला डिजिट म्हणू लागले, आणि आकड्यांवर चालणारं ते डिजिटल. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर आज पुन्हा बोटच ठेवावं लागतं. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बायांची बोटं ओरबाडलेली असतात, रेषा झिजलेल्या असतात. मशीन ठसा घेत नाही, दुसरं बोट लाव, तिसरं लाव असं चालतं. बोटाच्या नावाने चालणाऱ्या यंत्राला कष्टाचं बोट ओळखता आलं पाहिजे, ही माझी साधी मागणी आहे.

इंग्रजीच्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच: पन्नास शब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी महिन्यातून एक तास एका अवयवाला द्या. एकदा हात, एकदा पाय, एकदा डोळा. खेड्यातल्या शाळेच्या कपाटात दोन पुस्तकं जरूर असू द्या: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, जो १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापला गेला, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’. आणि मुलांना ती कपाटातून काढून घरी न्यायची परवानगी असू द्या.